दांडियाच्या गेटवर लाल कुणाला दाखवायचं? तिकीट-तपासणीचे नियम बसवायची माझी पद्धत

माझं लातुरात झेरॉक्सचं दुकान आहे. गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटं, क्लासच्या पोरांच्या गर्दीत. झेरॉक्ससोबत लग्नपत्रिका, बिलबुकं आणि कार्यक्रमांची तिकिटं छापायची, असा सगळा धंदा. एका वर्षी एक पोरगा ऑर्केस्ट्राचं तिकीट घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, ह्याच्या सहा कलर काढा, जाड कागदावर." तिकीट मीच छापलेलं होतं. मी काढून दिल्या नाहीत. पण पुढच्या गल्लीत तीन दुकानं आहेत, कुणीतरी दिल्याच असणार. त्या रात्री खुर्च्या कमी पडल्या आणि तिकिटं विकत घेतलेली माणसं मागं उभी राहिली.

तेव्हापासून मी क्यूआरकडे वळलो. लातूर, उदगीर, अंबाजोगाई अशा गावांतल्या दांडियांचं, नाटकांचं आणि प्रदर्शनांचं गेट आता मी सांभाळतो. तिकीट विकायला नि तपासायला प्रीटिक्स नावाची प्रणाली वापरतो. ती जर्मनीतल्या हायडेलबर्गची, तिचा कोड खुला आहे. पैसे देऊन त्यांच्या सर्व्हरवर चालवता येते, नाहीतर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तरी हरकत नाही. बटणांची नावं बदलतील, डोकं तेच लागेल.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथंच बरेच जण नको ती मेहनत करतात. गेटवरच्या फोननं तिकिटाचा कोड स्कॅन केला की स्क्रीन हिरवी झाली तर सोडायचं, लाल झाली तर अडवायचं. त्याआधी प्रणाली काही प्रश्न स्वतःहून विचारते. हा कोड आपल्याकडचा आहे का, पैसे आलेत का, तिकीट रद्द झालंय का, हे तिकीट या गेटच्या यादीत बसतं का, आधीच वापरलंय का. यासाठी तुम्हाला एकही नियम लिहावा लागत नाही. तुमचा नियम यावर बसतो: कधी, कुठल्या गेटनं आणि किती वेळा. "रद्द तिकीट अडवा" असा नियम शोधत एक ओळखीचा मंडपवाला दोन तास बसला होता. तो नियम सापडला नाही, कारण ते काम प्रणाली आधीच करत होती.

पहिलं काम बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर

कॉम्प्युटर उघडू नका. मंडळाच्या अध्यक्षांना आणि खजिनदारांना समोर बसवा, चहा सांगा आणि विचारा, "कुणाला आत सोडायचं नाही?" कुणाला सोडायचं, हे विचारलं तर ते "सगळ्यांनाच, आपलीच माणसं आहेत" म्हणतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही. कुणाला सोडायचं नाही म्हटलं की तोंडं उघडतात. "गुरुवारचं तिकीट घेऊन शनिवारी येणारे. विद्यार्थी तिकीट घेऊन येणारे चाळीस वर्षांचे विद्यार्थी. एका पासवर सगळी वाडी आणणारे." हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

आता सापळा. अध्यक्ष म्हणतात, "मागच्या गेटनं निमंत्रणवाले आणि स्टॉलवाले सोडा." आपल्या बोलण्यात तो "आणि" अगदी बरोबर आहे. नियमात मात्र तो "किंवा" आहे. माणूस एकतर निमंत्रणवाला असतो, नाहीतर स्टॉलवाला. दोन्ही एकाच तिकिटावर कधीच नसतात. पहिल्या वर्षी मी अध्यक्षांचं वाक्य जसंच्या तसं भरलं. नियमाच्या खोक्यात "सर्व अटी खऱ्या हव्यात" निवडलं. पहिली अट, तिकीट निमंत्रण आहे. दुसरी अट, तिकीट स्टॉलचं आहे. सात वाजता मागच्या गेटवरून पोरगा ओरडत आला, "दादा, समद्यांनाच लाल दावलालंय!" जाऊन बघतो तर अध्यक्षांच्या सासूबाई हातात पास घेऊन उभ्या, आणि त्यांच्यामागं गोळेवाला, बर्फाचं पोतं डोक्यावर. पोत्यातून पाणी टपटप सासूबाईंच्या पैठणीवर. मशीनचं चुकलंच नव्हतं. मी सांगितलं तसं ते करत होतं.

त्यानंतर बिलबुकाच्या पानावर मी प्रत्येक "आणि"ला गोल करतो आणि विचारतो, हे दोन्ही एकाच माणसाच्या हातात एका वेळी असू शकतं का? नसेल तर तो "किंवा". "गुरुवारचं तिकीट आणि सहानंतर" हे असू शकतं, म्हणून तो खराच "आणि". एवढा एक प्रश्न विचारला की निम्म्या चुका पानावरच संपतात.

लातूरकरांना मी हे असं सांगतो: "किंवा" म्हणजे गोलाई. सोळा रस्ते येऊन मिळतात, कुठल्याही एका रस्त्यानं आलात तरी पोचलात. "आणि" म्हणजे रेल्वेलाइन. मधलं एक सिग्नल लाल असलं की गाडी उभी.

घड्याळ

नियम लिहिण्याआधी कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा (टाइम झोन) बघा. तो आशिया/कोलकाता असा हवा. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिला असेल तर तुम्ही लिहिलेले सायंकाळचे ६ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा. साडेपाच तासांचा फरक. म्हणजे कार्यक्रम संपून झाडू मारून झाल्यावर गेट हिरवं होणार. वेळ २४ तासांच्या पद्धतीत लिहा, १८:०० अशी. ६ लिहून कुणी सकाळचे सहा समजलं तर भांडण तुमच्याच गळ्यात.

तिकिटाचे प्रकार

मी चार दिवसांच्या दांडियाचंच उदाहरण घेतो, गुरुवार ते रविवार, औसा रोडच्या एका लॉनवर. प्रकार असे: गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार अशी चार वेगळी तिकिटं, सीझन पास, चौघांचा फॅमिली पास, विद्यार्थी, निमंत्रण, आणि स्टॉल. प्रत्येक प्रकार प्रीटिक्समध्ये वेगळं "प्रॉडक्ट" म्हणून करा. "तिकीट" असं एकच प्रॉडक्ट करून बाकीचं नावात लिहू नका. नियमाला नाव वाचता येत नाही, प्रकार ओळखता येतो.

विद्यार्थी तिकिटाच्या सेटिंगमध्ये "विशेष लक्ष द्या" अशा अर्थाचा एक पर्याय आहे, तो लावा. सोबत चेक-इनच्या वेळी दिसणारा मजकूर लिहिता येतो. मी लिहितो, "ओळखपत्र बघा". कोड खरा आहे हे मशीन सांगेल, समोरचा विद्यार्थी आहे का हे गेटवरचं पोरगंच सांगेल. नियमानं सगळं होतं, या समजुतीत राहू नका.

नियम बसवायची जागा

चेक-इन लिस्ट नावाचा भाग आहे. तिथं नवी यादी करा, नाव द्या, आणि ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जा. तिथं "कस्टम चेक-इन रूल" मिळेल. अटी एकात एक बसवता येतात: "सर्व अटी" हे एक खोकं, "किमान एक अट" हे दुसरं खोकं, आणि खोक्यात खोकं. अटी कशाकशावर लावता येतात? तिकिटाचा प्रकार, गेट, आत्ताची तारीख-वेळ, वार, आधी किती वेळा आत गेला, मध्यरात्रीपासून किती वेळा गेला, शेवटच्या एन्ट्रीला किती मिनिटं झाली, वगैरे. वार आकड्यात असतो, सोमवार १ आणि रविवार ७. आपण आठवडा रविवारपासून मोजणारी माणसं, इथं हमखास चुकतो.

माझा नियम मराठीत असा दिसतो. बाहेरचं खोकं "किमान एक अट खरी हवी":

तिकीट गुरुवारचं आहे, आणि वेळ गुरुवार १८:०० नंतरची आहे, आणि गुरुवार २१:३० च्या आधीची आहे, आणि आधीच्या एन्ट्री ० आहेत.

शुक्रवार, शनिवार, रविवार हेही तसंच.

तिकीट सीझन पास आहे, आणि मध्यरात्रीपासूनच्या एन्ट्री ० आहेत.

तिकीट फॅमिली पास आहे, आणि मध्यरात्रीपासूनच्या एन्ट्री ४ पेक्षा कमी आहेत.

तिकीट विद्यार्थी आहे, आणि वार ५ किंवा त्याहून लहान आहे, आणि वेळ २०:०० च्या आधीची आहे, आणि आधीच्या एन्ट्री ० आहेत.

तिकीट निमंत्रण किंवा स्टॉल आहे.

शेवटच्या ओळीतला "किंवा" वेगळा लिहावा लागत नाही. एकाच अटीत दोन प्रकारांवर टिक करता येते, "यांपैकी एक" असा त्याचा अर्थ. सासूबाईंना आत सोडायला एवढंच लागलं असतं.

या मांडणीचा एक परिणाम आधीच समजून घ्या. ज्या प्रकाराचं नाव यात कुठंच नाही, तो बाहेर. आयत्या वेळी मंडळानं "ढोलपथक" नावाचा नवा पास काढला आणि तुम्हाला सांगितलं नाही, तर ढोल बाहेर वाजेल. म्हणून मी खजिनदारांना सांगून ठेवलंय, नवा पास काढायचा तर आधी मला फोन करा, मग छापायला टाका. छापायचं माझ्याकडंच असतं, त्यामुळं हे पाळलं जातं.

"आधीच्या एन्ट्री ०" का लिहायचं

वर म्हटलं की आधी वापरलेलं तिकीट प्रणाली स्वतःच अडवते. मग गुरुवारच्या तिकिटाला "आधीच्या एन्ट्री ०" ही अट कशाला? हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

सीझन पास चार दिवस चालायला हवा. यादीच्या सेटिंगमध्ये एक खूण असते, "एकापेक्षा जास्त एन्ट्री चालतील". ती लावली नाही तर सीझन पासवाला शुक्रवारी येतो आणि मशीन म्हणतं, "तिकीट आधीच वापरलंय." तुमचा नियम कितीही बरोबर असो. म्हणून मी ती खूण लावली. सीझन पास मस्त चालू लागले. मी खूश.

शनिवारी रात्री साडेआठला लॉनच्या मागच्या भिंतीबाहेर लघवीला गेलो, तर भिंतीवरून एक मोबाईल आला. अलीकडच्या पोरानं तो झेलायचा म्हणून हात पसरलेले, आणि आतून आवाज, "पकड बे, फुटंल!" मोबाईलवर शनिवारचं तिकीट उघडं होतं. आत गेलेल्याचा फोन बाहेर टाकायचा, बाहेरच्यानं तोच क्यूआर दाखवून आत यायचं, मग पुढच्यासाठी पुन्हा भिंतीवरून. मला बघून पोरं पांगली, मोबाईल मात्र गवतात राहिला. त्याचा मालक अर्ध्या तासानं माझ्याकडंच विचारायला आला, "काका, मोबाईल सापडला का?" दिला. काय करणार. आणि मग गेटवरची नोंद काढून बघितली, त्या एका कोडवर पाच एन्ट्री होत्या, पाचही हिरव्या.

ती खूण पूर्ण यादीला लागते, एका प्रकाराला नाही. सीझन पाससाठी उघडलेलं दार एक दिवसाच्या तिकिटालाही उघडतं. दार उघडल्यावर ज्याला एकदाच सोडायचंय त्याच्या ओळीत तुम्हीच "आधीच्या एन्ट्री ०" लिहून ते बंद करायचं. ही जोडी मनात पक्की ठेवा: खूण लावली की प्रत्येक ओळीत किती वेळा, हे लिहिलंच पाहिजे. माझ्या नियमात निमंत्रण आणि स्टॉलला मर्यादा नाही, ते मुद्दाम. गोळेवाला बर्फ आणायला दहादा बाहेर जातो.

"मध्यरात्रीपासून" हा शब्दही तपासून घ्या. रात्री १२ वाजता मोजणी शून्यावर येते. आमचं गेट साडेनऊला बंद होतं म्हणून चालतं. तुमचा कार्यक्रम भजनाचा जागर असेल, पहाटेपर्यंत, तर बारा वाजून पाच मिनिटांनी प्रत्येक सीझन पास पुन्हा कोरा होतो. तिथं "ठरावीक वेळेपासूनच्या एन्ट्री" ही अट घ्या आणि कार्यक्रमाच्या दिवशीच्या दुपारची तारीख-वेळ भरा.

फॅमिली पास

फॅमिली म्हणजे किती माणसं, यावर मराठवाड्यात कुणाचं एकमत होणार नाही. आमच्या पासवर चार लिहिलेलं असतं. नियम "४ पेक्षा कमी" असाच हवा. "४ किंवा कमी" केलात तर पाचवा जातो, कारण चौथा आत गेल्यावर आधीच्या एन्ट्री ४ असतात आणि पाचव्यासाठी ती अट अजून खरीच असते. प्रत्येक माणसामागं एक स्कॅन. पोरगं घाईत एकदाच स्कॅन करून चौघांना सोडतं, मग त्याच पासवर आणखी तिघं येतात आणि हिरवं होतं. यावर इलाज नियमात नाही. गेटवर पोराला मोठ्यानं मोजायला लावतो, "एक, दोन, तीन, चार काकू." कडेवरचं लेकरू धरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे फॅमिली पासात चार वेगळे क्यूआर देणं. हिशोब पक्का राहतो, आणि बाबा उशिरा येणार असतील तर त्यांचा कोड त्यांच्या फोनवर जातो. पण चौघांतल्या आजींना तो कोड उघडून दाखवायला जमत नाही आणि रांग तुंबते. मी एकच क्यूआर ठेवतो.

गेट

दोन गेट असतील तर प्रत्येक फोन त्या त्या गेटला जोडून ठेवा, मग नियमात "गेट" ही अट वापरता येते. वरचा सगळा नियम एका खोक्यात राहू द्या. त्याच्याबाहेर "सर्व अटी" असं मोठं खोकं करा आणि त्यात दुसरी अट घाला, किमान एक खरं हवं: गेट मुख्य आहे, किंवा तिकीट निमंत्रण-स्टॉल यांपैकी आहे. म्हणजे मुख्य गेटवर सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या अटीनं, मागच्या गेटवर फक्त त्या दोघांना.

आणि नगरसेवकांची माणसं? ती कुठल्याच नियमात बसत नाहीत, बसवायचा प्रयत्नही करू नका. खजिनदारांच्या खिशात वीस जादा निमंत्रण पास छापून ठेवा. ज्यांना आत घ्यायचंच आहे, त्यांना तिथल्या तिथं पास द्या आणि स्कॅन करून घ्या. नोंद राहते, आणि "माझं नाव सांग" म्हणणाऱ्यासमोर गेटवरच्या वीस वर्षांच्या पोराला निर्णय घ्यावा लागत नाही.

बाहेर जाऊन परत येणारे

पान खायला, फोनवर बोलायला, गाडीतून ओढणी आणायला लोक बाहेर जातात. प्रणालीत "बाहेर पडल्याचं स्कॅन झालं तर पुन्हा आत" अशी सोय आहे. एका वर्षी वापरली. बाहेर पडताना स्कॅन करायला कोण थांबतंय? न स्कॅन करता गेलेला प्रत्येक जण परत येताना लाल. शेवटी मी माझ्याच दुकानातला रबरी शिक्का आणला. मनगटावर शिक्का, दररोज वेगळी शाई. शिक्का दिसला की आत. ज्याला सॉफ्टवेअरचं लई प्रेम आहे त्यानं स्कॅन करावं, मी शिक्काच मारतो. शाई मात्र घामानं पसरणारी घेऊ नका, दांडियात मनगटच जास्त फिरतं. नाचून झालेला हात दुसऱ्याच्या हातावर दाबला की उलटा शिक्का उमटतो, हे पोरांना माझ्याआधी कळलं होतं.

सवलतीची मिनिटं

वेळेच्या अटीला काही मिनिटांची ढील देता येते. "१८:०० नंतर" ला १५ मिनिटं दिली तर पावणेसहापासून हिरवं. "२१:३० च्या आधी" ला १५ दिली तर पावणेदहापर्यंत. ढील नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूनं जाते. सुरुवातीला मी १५ देतो, कारण रांग रस्त्यावर आली की ट्रॅफिक अडतं. शेवटाला शून्य. लाउडस्पीकर १० वाजता बंद करावा लागतो. नवरात्रात ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते, पण त्या दिवसांचं नक्की झालेलं मंडळाकडून ऐन वेळी कळतं. त्या दिवशी नियमातली वेळ बदला, आणि बदलल्यावर प्रत्येक फोनवर सिंक झालंय हे स्वतः बघा. माझ्याकडं एका फोनवर जुनाच नियम राहिला होता, एकाच गेटवर एक रांग हिरवी नि शेजारची लाल.

करून बघणं

नियम लिहून झाला की "व्हिज्युअलाइज" टॅब उघडा. नियमाचं चित्र दिसतं, डावीकडून उजवीकडं वाटा. वाट कुठंच पोचत नसेल तर डोळ्यांना लगेच कळतं. मग चेक-इन सिम्युलेटर. त्यात कोड टाकायचा, वेळ निवडायची, गेट निवडायचं, आणि काय उत्तर येईल ते बघायचं. एन्ट्री पडत नाही, त्यामुळं बिनधास्त. कार्यक्रम टेस्ट मोडवर असतानाच प्रत्येक प्रकाराचं एकेक तिकीट काढून ठेवा.

मी हिरवं येतंय का हे आधी बघत नाही. आधी लाल बघतो. गुरुवारचं तिकीट शुक्रवारी, विद्यार्थी तिकीट रविवारी, विद्यार्थी तिकीट आठ वाजून एका मिनिटानं, सीझन पास मागच्या गेटवर. हे सगळं लाल आलं पाहिजे. बिलबुकाच्या पानावर अध्यक्षांनी जे जे "सोडायचं नाही" म्हणून सांगितलं, त्यातली एकेक ओळ घ्यायची आणि लाल आलं की खोडायची. एकदाच येणारी तिकिटं सिम्युलेटरवर पूर्ण तपासली जात नाहीत, कारण एन्ट्री पडतच नाही. ती खऱ्या फोनवर दोनदा स्कॅन करून बघा. मला हे त्या भिंतीनं शिकवलं.

गेटवरच्या पोरांसाठी कागद

लाल झालं की स्क्रीनवर कारण इंग्रजीत येतं. पोरं इंग्रजी वाचतात, पण पुढं माणूस चिडलेला असताना वाचत नाहीत. मी अर्ध्या ए-फोरवर तक्ता छापतो, लॅमिनेशन करतो आणि गेटच्या खांबाला बांधतो. डावीकडं स्क्रीनवरचे शब्द जसेच्या तसे, उजवीकडं तोंडानं काय म्हणायचं. "आधीच वापरलंय" आलं तर: "काका, ह्या तिकिटावर कुणीतरी आत गेलंय, तुम्ही जरा टेबलावर या." "अमुक वेळेनंतरच" आलं तर: "ताई, गेट सहाला उघडतंय, तवर बसा." "तुमचं तिकीट खोटं आहे" हे वाक्य म्हणायची बंदी. बहुतेक वेळा तिकीट खरं असतं. भाच्यानं तोच फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो आणि तो आधी आत गेलेला असतो.

टेबलावर एक समजूतदार माणूस आणि ऑर्डरची यादी. क्यूआरमध्ये नाव-गाव काही नसतं, नुसता एक लांबलचक कोड असतो. कुणाची झेरॉक्स, कुणाचं मूळ, ते मशीनला कळत नाही. जो आधी आला तो खरा. म्हणून दुसऱ्या माणसाला ऑर्डरच्या वेळचं नाव नि मोबाईल विचारायचा, जुळलं तर आत घ्यायचं, आणि पुढं तिकीट फॉरवर्ड करू नका म्हणून सांगायचं.

तिकीट लॅमिनेट करून आणणारे असतात, माझ्याचकडून करून घेतात. हॅलोजनखाली ते चमकतं आणि कोड वाचला जात नाही. तिरपं धरलं की होतं.

नेट गेल्यावर

हजार-दोन हजार माणसं एका लॉनवर आली की मोबाईलचं नेट मरतं. स्कॅनचं ॲप ऑफलाइन चालतं, तिकिटांची यादी नि नियम आधीच फोनवर उतरवून घेतं. यात दोन गोष्टी बिघडतात. एक, नियम त्या फोनच्या घड्याळावर चालतो. कुणी फोनची वेळ हातानं दहा मिनिटं पुढं ठेवली असेल, तर त्या फोनपुरतं गेट दहा मिनिटं आधी उघडतं. ऑटोमॅटिक वेळ चालू आहे का, प्रत्येक फोनवर बघा. दुसरं, एका फोननं आत सोडलेलं तिकीट दुसऱ्या फोनला सिंक होईपर्यंत कळत नाही. तेवढ्या वेळात एकच कोड दोन रांगांतून आत जातो.

यावर मी दोन गोष्टी करतो. एक साधा राउटर आणि लॉनच्या ऑफिसचं वायरचं नेट, फक्त गेटच्या फोनसाठी, पासवर्ड कुणालाच द्यायचा नाही, अध्यक्षांच्या पोरालाही नाही. आणि रांगा प्रकारानं वाटतो: फॅमिली नि सीझन पास एका रांगेत एकाच फोनवर, एक दिवसाची तिकिटं बाकीच्यांवर. नेट गेलं तरी ज्या पासवर जास्त एन्ट्री पडायच्या, त्याची मोजणी एकाच फोनमध्ये राहते. राउटरला इन्व्हर्टर लावा. लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, लातूरकरांना सांगायला नको.

रविवारी रात्री

गेट बंद झालं की पोरं फोन घेऊन पळायच्या आत सगळ्या फोनवर शेवटचं सिंक करून घ्या. मग डिव्हाइसच्या यादीत जाऊन एकेका फोनचा प्रवेश रद्द करा, ॲपही काढून टाका. त्यात गिऱ्हाइकांची नावं असतात, ती पोरांच्या खिशातून गावभर फिरायला नकोत. नंतर एन्ट्रीची नोंद उतरवून घ्या, लाल झालेल्या स्कॅनसकट. मी ती दुसऱ्या दिवशी दुकानात बसून वाचतो. मागच्या वेळी "विद्यार्थी, आठनंतर" या कारणानं लाल झालेले बरेच सापडले, आणि जवळजवळ सगळे सव्वाआठच्या आतले. क्लास आठला सुटतो, पोरं तिथून येणार कशी? बिलबुकाचं पान काढलं आणि २०:०० खोडून २०:४५ केलं.